दोन लावऱ्या आणि 'पडीक' माळ

लावरी न पाहिलेला खेड्यांतील मुलगा विरळाच. परंतु लावऱ्या दोन जातींच्या आहेत हें जाणणारे मात्र फार थोडे. पायांजवळून पांचदहा पक्षी एकदम भुर्रकन उठावे, दाही दिशांस पांगावे, व थोड्या वेळानें मंद शीळ घालीत पुन्हां एकत्र व्हावे, ही रीत दोहींची एकच. नराच्या उरावरील काळेपांढरे पट्टेही सारखेच. आम्ही येथें सोयीसाठीं एकीस रानलावरी व दुसरीस माळलावरी म्हणूं.

ओळख पटवावयाची तर मादीकडे पाहावें. रानलावरीच्या मादीचा कंठ गर्द तांबूस असून खालच्या फिक्या अंगाहून उठून दिसतो. माळलावरीच्या मादीचा कंठ अंगासारखाच फिका, व हनुवटी पांढुरकी. परंतु पिसांचा हा भेद आम्हांस गौण वाटतो. खरा भेद वसतीचा आहे. रानलावरीस पानगळीचें रान, झुडपें व डोंगरउतार मानवतात. माळलावरीस विरळ काटेरी झुडपांचा कोरडा, खडकाळ माळच हवा. साइक्स यानें १८३२ सालीं तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन केलें, तेंही याच दख्खनांतून. भूमीशीं ती इतकी एकजीव झाली आहे कीं, कर्नाटकांतील तांबड्या मातीवरची तिची पोटजात पाठीनेंही तांबडी आहे. व्हिसलर यानें १९४३ सालीं त्या पोटजातीस सालिम अली यांचें नांव दिलें.

आतां हाच माळ सरकारदरबारीं 'पडीक' ठरला आहे. २०१९ सालीं निघालेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत झुडपी जमीनही त्याच सदरांत घातली आहे. आणि पडीक म्हटलें कीं तेथें रोपें लावणें हें पुण्यकर्म होऊन बसतें. त्याच वर्षीं महाराष्ट्रानें ३३ कोटि वृक्षांचा संकल्प सोडला होता. वृक्षारोपणास आमचा विरोध नाहीं. शाळेच्या आवारांत, रस्त्यांच्या कडेस, तुटलेल्या रानांत झाडें अवश्य लावावीं. पण माळावर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या करणें म्हणजे दुसऱ्याचें घर मोडून तेथें बाग करणें होय, मग ती बाग कितीही हिरवी असो. झाडी वाढली म्हणून माळलावरीची रानलावरी होत नाहीं. ती निघून जाते, आणि जावयास दुसरा माळ उरला असेल तरच जाते.

आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढील पावसाळ्यांत रोपें उचलण्यापूर्वीं उन्हाळ्यांतील एक सकाळ पाणवठ्याच्या वाटेवर मुकाट्यानें बसावें. लावऱ्या तेथें पायींच येतात. मादीचा कंठ नीट पाहून घ्यावा, आणि मग खड्डे कोठें खणावयाचे तें ठरवावें.