ई२० पेट्रोल आणि टर्बो गाडी : फ्युएल सिस्टीम ‘अपग्रेड’ करायची खरंच गरज आहे का?

टाकळी सिकंदरचा भीमा, अनगरचा लोकनेते, वटवट्याचा जकराया. एकट्या मोहोळ तालुक्यात हे साखर कारखाने. उसापासून बनणारं इथेनॉल तेल कंपन्या विकत घेतात आणि तेच पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळून पंपावर येतं. गाडीचं मायलेज घटलं म्हणून इथेनॉलला शिव्या घालणारा आणि उसाचं बिल वेळेत निघावं म्हणून इथेनॉल हवं असणारा माणूस इथे बऱ्याचदा एकच असतो.

ई२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. आधी २०३० चं असलेलं उद्दिष्ट सरकारने २०२५-२६ वर आणलं. साधं पेट्रोल घेण्याचा पर्याय मिळावा, ही मागणी करणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हापासून सोशल मीडियावर एक सल्ला जोरात फिरतोय : टर्बो गाडी असेल तर मोठे इंजेक्टर, नवा पंप बसवा आणि ईसीयू रिमॅप करा.

आधी एक गोष्ट. हा प्रश्न फक्त टर्बो पेट्रोलचा आहे. गावाकडे दिसणाऱ्या बहुतेक टर्बो गाड्या डिझेलच्या. त्यांच्या टाकीत ई२० जातच नाही.

आता इंजिनाचं गणित. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत ई२० जास्त ओतावं लागतं, साधारण ८ टक्के. टर्बो तर सिलिंडरमध्ये हवा दाबूनच भरतो, त्यामुळे फुल ॲक्सिलरेटरवर इंधनाची मागणी आणखी वाढते. तेवढं इंधन पोचलं नाही तर मिश्रण ‘लीन’ होतं आणि तापमान वाढतं. भीतीचं मूळ इथे आहे.

पण इंजेक्टर आणि पंप कंपनीने थोडी क्षमता राखूनच दिलेले असतात. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण तपासतो आणि ईसीयू इंधन कमी-जास्त करतो. वर इथेनॉलचं ऑक्टेन जास्त आणि ते सिलिंडर थंड ठेवतं, म्हणजे टर्बोला छळणारं ‘नॉकिंग’ उलट कमी होतं. मूळ ताकदीवर चालणाऱ्या गाडीला मोठे इंजेक्टर लागत नाहीत. ते लागतात ते बूस्ट वाढवून ताकद काढणाऱ्यांना. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तर इंधनाचा दाब २०० बारच्या वर जातो (टायरमधली हवा असते दोन-सव्वादोन बार!). तिथे गल्लीतला जुगाड म्हणजे आगीशी खेळ.

खरी अडचण साध्या वस्तूंची आहे : रबरी पाइप, सील, गॅस्केट. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत हे भाग ई२० ला टिकणारे आहेत. त्याआधीच्या गाडीचं मॅन्युअल किंवा टाकीच्या झाकणाजवळचं स्टिकर बघा, सर्व्हिसिंगला पाइप तपासून घ्या, खराब झाले असतील तर बदला. ‘अपग्रेड’ म्हणायचंच असेल तर एवढंच. इथेनॉल ओलावा खेचतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. रिमॅप केला तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं.

मायलेजची तक्रार मात्र खोटी नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज आहे. त्याच अहवालाने ही घट भरून निघावी म्हणून मिश्र इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावं, असंही सुचवलं होतं. तो भाग अंमलात आला नाही. २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की इथेनॉलच पेट्रोलपेक्षा महाग पडतंय.