अक्षर आणि अक्षराचे चित्र

‘डिजिटल प्रकाशन’ म्हणजे छापील मजकूर पडद्यावर आणणे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. भाषांतर व संपादन यांच्या निमित्ताने मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. पडद्यावर जे दिसते ते आणि संगणकात जे साठविलेले असते ते, या दोन निराळ्या वस्तू आहेत, ही त्यातून हाती आलेली पहिली गोष्ट होय.

संगणकावर मराठी मजकूर जुळविला जाऊ लागला, त्या काळच्या फाँटमध्ये उण्यापुऱ्या 256 जागा असत, आणि त्याही मुळात रोमन लिपीसाठी आखलेल्या. फाँट घडविणाऱ्यांनी त्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविले : काना, वेलांटी, रफार, अर्धा क. कोणता तुकडा कोठे बसवावा, याची ज्याची त्याची मांडणी निराळी. छपाई सुबक होई; परंतु संगणकाच्या लेखी तेथे मराठी अक्षर नव्हतेच. होती ती रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग, आणि तिच्यावर देवनागरीचा मुखवटा. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडतो. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरीच्या वर्णांना स्वतःचे क्रमांक मिळाले, तरी पुढे कित्येक वर्षे मुद्रणालयांतून जुनेच फाँट चालत राहिले. त्या काळातील किती स्मरणिका, किती दिवाळी अंक अशा मुखवट्याआड अडकले असतील!

म्हैसूरमध्ये या विषयाचा विचार करताना येथील प्राच्य ग्रंथालयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. 1905 साली तंजावरकडील एका पंडिताने कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्रावरील पोथी त्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केली. लिपी होती ग्रंथ. आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि 1909 साली मूळ संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे इंग्रजी भाषांतर 1915 साली आले. पुढे प्रा. र. पं. कंगले यांनी उपलब्ध हस्तलिखिते ताडून पाहून सिद्ध केलेली संहिता मुंबई विद्यापीठाने 1960 साली प्रकाशित केली. ताडपत्र गेले, कागद आला. लिपीचा वेष बदलला. तरी वर्ण तेच राहिले, कारण ग्रंथ लिपीतील कोणते चिन्ह कोणत्या वर्णाचे, हे जाणणारी माणसे होती. 1971 साली अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी तेथील स्वातंत्र्याचा जाहीरनामा साध्या अक्षरांत संगणकावर उतरविला. त्या वेळचे यंत्र केव्हाच मोडीत निघाले, परंतु तशा साध्या अक्षरांतील मजकूर आजही कोणत्याही यंत्रावर उघडतो.

हा सर्व खटाटोप केवळ प्रकाशकांचा नव्हे. वडिलांच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ, घराण्याची वंशावळ, आजीने सांगितलेल्या पाककृती, असे काही ना काही अनेक घरी टंकलिखित करून ठेवलेले असते. इंदूर, बडोदे, बंगळूर, तंजावर येथील मराठी कुटुंबांत तर मुलांच्या हाती येणारे मराठी कधी कधी तेवढेच. जुन्या फाँटवरून केलेली पीडीएफ दिसावयास निर्दोष असते; मात्र तीत ‘पुरणपोळी’ शोधावयास जावे, तर ती सापडत नाही. अंध व्यक्तीस मजकूर वाचून दाखविणारी यंत्रणा अशा पानावर निरर्थक बडबड करते.

परीक्षा सोपी आहे. फाइलमधील एक ओळ उचलून फोनवरील संदेशात चिकटवावी. मराठी उमटली तर ती अक्षरे. वेडीवाकडी रोमन चिन्हे उमटली तर ते नुसते चित्र. अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी, आणि रूपांतरावर विसंबू नये. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रूपांतरात ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसण्याचा संभव असतो. एकाने छापील प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे, ही मुद्रितशोधनाची जुनी रीत येथे उपयोगी पडते. यापुढे काही छापून घ्याल तेव्हा मुद्रकाकडून पीडीएफबरोबर युनिकोडमधील मजकूरही अवश्य मागून घ्यावा.

ज्यांच्याजवळ केवळ छापील प्रत उरली आहे, त्यांनी पानांची छायाचित्रे घेतली तर तीही चित्रेच. त्यांतून अक्षरे ओळखून काढणारी साधने छापील देवनागरी बरीच बरी वाचतात. परंतु मराठीचा तो खास ‘ऱ्य’ त्यांस कधी कधी चकवतो, आणि लग्नघरच्या आठवणींत ज्या आचाऱ्यांना शालजोडी दिली, ती परस्पर आचार्यांना पोहोचते.