गाडा की पेटारा?

माझा डिचोलीचा भाचा गेल्या वर्षी गाडा बांधायला लागला. गोव्यात गाडा म्हटला की लोकांना रॉस-आम्लेट आठवते, म्हणून आधीच सांगतो, हा तो गाडा नव्हे. जीपच्या मागे जोडायचा, दोन चाकांचा, वर तंबू उघडणारा आणि मागचे झाकण उघडले की छोटीशी रांधण दिसणारा असा हा ट्रेलर. कच्च्या रस्त्याने, ओहळातून, सड्यावरून कुठेही न्यावा आणि रात्री तिथेच पथारी टाकावी. परदेशात याचे मोठे वेड आहे आणि आता ते आपल्याकडेही आले आहे. महाराष्ट्राने तर २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. हरमलच्या बाजूला परदेशी पासिंगच्या घरगाड्या आम्ही कधीपासून पाहत आलो, पण आपल्या घरचा कोणी असले काही करील असे वाटले नव्हते.

डिचोलीत हे काम करणारे हात मिळायला अडचण नाही. खनिजाच्या ट्रकांवर पोसलेली गॅरेजे तिथे होती. २०१२ आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांच्यावर अवकळा आली, पण पाटे, धुरा, वेल्डिंग यांतले ज्ञान कुठे जाणार? भाच्याने एक शहाणपण केले. नोंदणी असलेला सांगाडाच विकत घेतला आणि वरची पेटी तेवढी इथे बांधली. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहनच आहे, त्याला स्वतःचा क्रमांक लागतो. जीपचे कागद दाखवून ट्रेलर ओढता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे आधी बांधून मागाहून कपाळाला हात लावणारे बरेच.

मिस्त्री वयस्क होते. पेटी बसवताना त्यांनी भाच्याला विचारले, "बैलगाडी हाकलीय कधी?" हा कसला हाकतोय! त्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र लाखमोलाची. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे फार झाला तर बैलांच्या मानेवर बसतो. ट्रेलरचेही तेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडाच्या गोळ्यावर यावा. त्याहून कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागतो आणि शेवटी गाडीलाच आडवी करतो. म्हणून पाण्याची टाकी धुऱ्याच्या वर आणि शक्य तितकी खाली, बॅटरी पुढे, हलके सामान मागे. मागची बाजू खालून थोडी वर कापलेली बरी, नाहीतर केरीला फेरीबोटीत चढताना पुढची चाके आत आणि शेपूट धक्क्यावर घासतेय असा तमाशा होतो.

इथपर्यंत सगळे ठीक होते. मग यादी वाढू लागली. फ्रीज हवा, त्यासाठी मोठी बॅटरी हवी, बॅटरीसाठी छपरावर सौर पत्रा हवा. आंघोळीला फवारा हवा, म्हणून साठ लिटरची टाकी शंभरची झाली. (एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशेब कोणी करत नाही.) चहूबाजूंनी दिवे, घडीचे टेबल, सहा खुर्च्या. माणसे तीन! मी म्हटले, "अरे, घरच का नेत नाहीस?" तर म्हणतो, "मामा, मग त्यात मजा ती काय?"

पहिली फेरी पेडण्याला. पावसाळा नुकताच सरला होता. एका गावाच्या सड्यावर गवत अजून पिवळे व्हायचे होते. सूर्यास्ताची जागा पाहून याने गडग्याच्या वाटेतून ट्रेलर आत घातला, तंबू उघडला, स्टोव्ह पेटवला. दिवे असे लावले की खालच्या वाड्यावरून लग्नाचा मांडवच दिसला असेल. अर्ध्या तासात चारपाच माणसे वर आली. भांडण नाही, आवाज नाही. एका म्हाताऱ्याने एवढेच विचारले, "कोणाक विचारून गाडो लायला हांगा?" याच्याकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. भाच्याने "आम्ही गोंयकारच" म्हणून पाहिले. म्हातारा म्हणाला, "म्हणूनच विचारतां." सगळे आवरून, अंधारात ट्रेलर उलटा फिरवताना घामाघूम होऊन, रात्री दहाला आम्ही परत निघालो.

भाचा चिडला होता. माझे मत मात्र त्या म्हाताऱ्याच्या बाजूचे, आणि ते त्याला पटेपर्यंत दोन महिने गेले.

एक तर लोक विटले आहेत. रस्त्याकडेला चुली मांडायच्या, भांडी धुवायची, पत्रावळ्या आणि बाटल्या टाकून निघून जायचे, हे किनाऱ्यावरच्या गावांनी किती वर्षे पाहिले! पर्यटनस्थळी उघड्यावर रांधणे २०१९ पासून दंडनीय झाले ते काही उगाच नव्हे. सड्याचे दुखणे मात्र दंडाच्या पावतीत मावत नाही. आपल्याला तो उजाड माळ वाटतो. चिऱ्याच्या खडकावर जेमतेम काही इंच माती असते, तिच्यावर पावसात सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, आणि त्याच खडकातून झिरपलेले पाणी पायथ्याच्या झरीला आणि कुळागराला मिळते. ओल्या मातीत ट्रेलरच्या चाकाने पाडलेला चर पुढच्या पावसाचे पाणी पळवून नेतो. जाहिरातीत चाकाखाली उडणारा चिखल फार शूर दिसतो, पण तो कुणाच्या तरी विहिरीच्या माथ्यावरचा असतो. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत तर दिवाही अपराधी. तिथे कासवे अंडी घालायला येतात आणि पिल्ले उजेडाच्या रोखाने भलतीकडे चालत सुटतात.

मग फिरू नये काय? फिरावे की! पेडण्याच्या मातीत फिरण्याचे शास्त्र जाणणारे लोक होते आणि आहेत. दशावतारी पाहा. जत्रेमागून जत्रा करत, पूर्वी पायी, आता टेम्पोने. त्यांचे बिऱ्हाड म्हणजे पेटारा, बांबूचा. त्यात पोशाख, मुकुट, हत्यारे, गणपतीचा मुखवटा. पेटाऱ्याची पूजा होते. पूर्वी तो डोक्यावर वाहावा लागे, त्यामुळे आत काय घालायचे हे मानच ठरवत असे. रंगमंचावर एक बाकडे, तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. इंद्राचा दरबार उभा करायला यांना एक बाकडे पुरते आणि आम्हाला तिघांना सहा खुर्च्या! आणि उतरायचे कुठे? देवळात, गावाच्या आमंत्रणाने, रात्रभर जागवून सकाळी पुढे. गाव त्यांची वाट पाहतो.

बरोबर काय न्यावे यापेक्षा कुणाच्या अंगणात आणि कुणाला विचारून उतरावे, हा मला आधीचा प्रश्न वाटतो. उत्तर मिळाले की ओझे आपोआप घटते. देवळाच्या आवारात विहीर असते, मग शंभर लिटर पाणी का ओढायचे? ओळखीच्या भाटकाराच्या भाटात उतरलात तर निम्मी भांडी त्याच्या घरची येतात, वर पेजही मिळते. (माडाखाली तेवढा तंबू लावू नका. नारळ ओळख पाहत नाही.) आमच्या देवस्थानांनी आणि पंचायतींनी मनात आणले तर जत्रेच्या मोकळ्या जागेत वर्षाचे उरलेले दिवस दोनचार गाडे रीतसर उतरवता येतील. विहीर आहे, शौचालय आहे, राखणदार आहे. त्याचे चार पैसे गावात राहतील. त्यासाठी सड्यावर नवे काँक्रीट ओतण्याची गरज नाही.

भाच्याने फ्रीज काढला, फवारा काढला, चौघांपैकी एकच दिवा ठेवला, तोही पिवळा. टाकी वीस लिटरची. गेल्या माघात त्याच गावी गेलो, आधी दोनदा नुसतेच जाऊन, विचारून. ट्रेलर देवळाच्या मागे लावला. रात्री काला होता. तोच म्हातारा ट्रेलरभोवती एक फेरी मारून, झाकण उघडून, आत डोकावून गेला. नंतर नातवाला घेऊन पुन्हा आला आणि एक खुर्ची मागून घेऊन पुढच्या रांगेत बसला. सहापैकी चार खुर्च्या भाच्याने काढल्या नव्हत्या, हे त्या रात्री बरे झाले म्हणायचे. आमच्या वाट्याला त्यातली एकही आली नाही.