फुक्सचे पुस्तक आणि हायडनचे गुरू

१/ इ. स. १७४९च्या सुमारास व्हिएन्नातील सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायकवृंदातून एका मुलाला निरोप देण्यात आला. कारण साधे होते : वयात आल्याने त्याचा आवाज फुटला होता. चाके बनविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा म्हणजे पुढे शंभराहून अधिक सिंफनी रचणारा योझेफ हायडन.

२/ त्यानंतरची कथा संगीतप्रेमींना फार प्रिय आहे. पोटमाळ्यावरची खोली, कीड लागलेले जुने क्लावियर आणि योहान योझेफ फुक्स याचा ‘ग्रादुस आद पार्नासुम’ हा ग्रंथ. गुरू नाही, पैसा नाही. केवळ पुस्तकाच्या बळावर माणूस रचनाकार झाला. जणू युरोपचा एकलव्यच! कथा खोटी नाही, पण अर्धी आहे. आणि उरलेला अर्धा भाग अधिक मोलाचा आहे.

३/ प्रथम पुस्तकाविषयी. १७२५ साली व्हिएन्नात सम्राट सहाव्या कार्लच्या खर्चाने ते लॅटिनमध्ये छापले गेले. फुक्स हा शेतकरी कुटुंबात जन्मलेला, कर्तृत्वाने दरबाराचा मुख्य संगीतकार झालेला गृहस्थ. विषय काउंटरपॉइंटचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र स्वरावली एकमेकींत विणण्याचा. मांडणी गुरुशिष्य-संवादाची. गुरू अलोयसियस म्हणजे पालेस्त्रीना, शिष्य योसेफुस म्हणजे स्वतः फुक्स. शिष्य चुकतो, गुरू चूक दाखवितो, शिष्य पुन्हा लिहितो.

४/ या ग्रंथाची खरी करामत त्याच्या पायऱ्यांत आहे. एक आधारस्वरावली दिलेली असते. पहिल्या पायरीवर तिच्या प्रत्येक स्वरासमोर एकच स्वर लिहायचा, दुसरीवर दोन, तिसरीवर चार, चौथीवर स्वर लांबवून विसंवाद निर्माण करायचा आणि तो सोडवायचा, पाचवीवर हे सारे मोकळेपणाने मिसळायचे. एका वेळी एकच अडचण! पोहायला शिकविणारा जसा आधी काठाशी पाय मारायला लावतो, तसे हे.

५/ मात्र ज्या पालेस्त्रीनाला फुक्सने आदर्श मानले, तो १५९४ सालीच वारला होता. म्हणजे पुस्तक छापले तेव्हाच त्यातील शैली सव्वाशे वर्षांहून जुनी झाली होती. पुढे विसाव्या शतकात क्नुड येपेसेन या डॅनिश अभ्यासकाने पालेस्त्रीनाच्या प्रत्यक्ष रचना तपासल्या आणि फुक्सचे नियम त्यांच्याशी सर्वत्र जुळत नाहीत, हे दाखवून दिले.

६/ शिवाय वाद्यवृंदात कोणते वाद्य कोठे योजावे, सिंफनीची उभारणी कशी करावी, यांविषयी हा ग्रंथ मौन बाळगतो. मग हायडनने ते कोठून उचलले? लहानपणापासून जवळजवळ दहा वर्षे तो कॅथीड्रलमध्ये गात होता. त्याचा कान पुस्तकापूर्वीच घडलेला होता. पुढे तो निकोला पोर्पोरा या इटालियन गायनगुरूच्या शिकवण्यांना क्लावियरची साथ करू लागला, त्याची हलकीसलकी कामेही करू लागला. १७७६ साली लिहिलेल्या आत्मवृत्तात हायडनने रचनेची खरी मूलतत्त्वे पोर्पोराकडून मिळाल्याचे स्वतः नमूद केले आहे. एकलव्याची कथा सांगणारे हे वाक्य सहसा वगळतात.

७/ म्हणून पुस्तक गौण ठरते काय? मुळीच नाही. हायडनने आपल्या प्रतीच्या समासात टिपणे केली, फुक्सची उदाहरणे तपासली आणि पुढे विद्यार्थ्यांसाठी त्या ग्रंथाचा संक्षेपही तयार केला. पुस्तकाची पूजा करणारे पुष्कळ भेटतात; त्याच्याशी वाद घालणारे थोडे.

८/ पण पुस्तकाची एक उणीव कोणताही समास भरून काढीत नाही : वाचणाऱ्याची चूक पुस्तकाला दिसत नाही. फुक्सला हे ठाऊक असावे. एरवी त्याने कागदावर गुरू उभा केला नसता.

९/ गंमत अशी, की हाडामांसाचा गुरूही कधी कधी तितकाच आंधळा असतो. १७९२च्या अखेरीस तरुण बेथोव्हन व्हिएन्नास आला आणि हायडनकडे फुक्सच्या पद्धतीने शिकू लागला. त्या काळातील त्याचे २४५ अभ्यास उपलब्ध आहेत. त्यांपैकी दुरुस्तीच्या खुणा आहेत केवळ ४२ अभ्यासांवर. हायडन कामात गढलेला होता, हे कारण खरे असेल; पण शिष्याच्या वहीत चुका तशाच राहिल्या.

१०/ १७९४ साली हायडन पुन्हा लंडनला गेला आणि बेथोव्हन योहान गेओर्ग आल्ब्रेख्ट्सबेर्गरकडे जाऊ लागला. त्यानेही फुक्सच्याच परंपरेतले रचनाशास्त्राचे पुस्तक १७९० साली प्रसिद्ध केले होते. पद्धत तीच, पायऱ्या त्याच. या वेळी मात्र वही कसून तपासली जात होती.