वांग, लेझर आणि न सांगितलेली निम्मी गोष्ट

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारेला वळण घेतो, तेव्हा खाली समुद्राचा निळा पट्टा एकदम उघडतो. पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतात आणि तासाभरात पुढे जातात. त्याच वाळूवर, सुरूच्या बनालगत, सरबत नि शहाळी विकणाऱ्या बाया मात्र सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत उभ्या असतात. अशीच एक चाळिशीकडे झुकलेली बाई डोळ्यांसमोर आणावी. दुसऱ्या बाळंतपणात तिच्या दोन्ही गालांवर वांग उठले आणि गेलेच नाही. शेजारणीने सांगितले, ‘पोटातली उष्णता आहे.’ औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने महिनाभर चेहरा उजळला. मलम थांबवताच लाल झाला, आग होऊ लागली आणि डाग पहिल्यापेक्षा गडद झाले. मग कुणीतरी शहरातली लेझरची जाहिरात दाखवली. सहा बैठकांचे पॅकेज, पैसे आगाऊ. भिशीचे पैसे त्यात गेले. पहिल्या दोन बैठकांनंतर आरशात फरक दिसला. चौथ्या महिन्यात वांग परत आले, आणि त्याच्या मधे मधे तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपकेही उमटले.

ही कुणा एकीची गोष्ट नाही. चर्मरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात थोड्याफार फरकाने वारंवार ऐकू येणारा हा क्रम आहे. त्यातला सर्वांत खटकणारा भाग म्हणजे अशी बाई स्वतःलाच दोष देते. ‘माझेच काही चुकले असेल, उन्हात गेले असेन,’ असे ती म्हणते. चूक बहुतेक वेळा तिची नसते. तिला उपचाराची निम्मीच गोष्ट सांगितलेली असते.

उरलेली निम्मी गोष्ट समजण्यासाठी लेझर नेमके काय करतो, हे पाहायला हवे. पहिला लेझर १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी तयार केला. त्वचेसाठी त्याचा नेमका वापर कसा करावा, याचे सूत्र १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी मांडले. त्वचेतला प्रत्येक रंग विशिष्ट लांबीच्या प्रकाशलहरी अधिक शोषतो. योग्य लहर अगदी थोडा वेळ सोडली, तर तेवढाच रंगाचा कण तापून फुटतो आणि शेजारची त्वचा बचावते. गोंदण काढताना हेच घडते. गालावर किंवा डोळ्याभोवती जन्मापासून अथवा लहानपणापासून असलेला निळसर काळा डाग, ज्याला डॉक्टर ‘ओटाचा नीव्हस’ म्हणतात, त्यावरही योग्य लेझर चांगला परिणाम करतो. तेव्हा लेझर हे थोतांड नव्हे. प्रश्न तो कशावर वापरला जातो, हा आहे.

गोंदणातली शाई बाहेरून आलेली असते. ती फुटून शरीराने वाहून नेली की विषय संपतो. वांगाचे तसे नाही. तिथे रंग बनवणाऱ्या पेशी सतत जास्तीचे काम करत असतात. ऊन, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्यांतली संप्रेरके आणि घराण्यातला कल, यातले एक किंवा अनेक घटक त्यांना चेतवत राहतात. विहिरीतले पाणी उपसून काढले म्हणून झरा आटत नाही, तसेच इथे होते. लेझर साठलेला रंग फोडतो, पण झरा वाहताच राहतो. म्हणून वांगाचे वर्णन वैद्यकात दीर्घकाळ चालणारा आणि उलटणारा विकार असे केले जाते. मधुमेहासारखा तो आटोक्यात ठेवता येतो. ‘कायमचा घालवतो’ असे सांगणारा माणूस एकतर अज्ञानी असतो किंवा विक्रेता.

दुसरी अडचण आपल्या त्वचेच्या रंगाची. गोऱ्या त्वचेत वरच्या थरात रंग कमी असतो. सावळ्या त्वचेत तो भरपूर असल्याने लेझरची उष्णता डागाबरोबर आजूबाजूलाही शोषली जाते. थोडासा दाह झाला तरी आपली त्वचा उत्तर म्हणून आणखी रंग तयार करते. कोकणात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. आंब्याचा चीक उडून भाजले, काजूच्या टरफलाचे तेल बोटांना लागले की जखम आठवड्यात भरते आणि काळा डाग महिनोन् महिने रेंगाळतो. लेझरची मात्रा चुकली की तेच गालावर होते. उलट कमी मात्रेच्या बैठका फार वेळा आणि फार जवळजवळ दिल्या, तर रंग बनवणाऱ्या काही पेशी दमतात आणि पांढरे ठिपके पडतात. ते सहजासहजी भरून येत नाहीत.

तिसरी अडचण म्हणजे खुद्द ऊन. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणे परावर्तित करतो. म्हणजे किनाऱ्यावर टोपी घातलेल्या माणसालाही खालून ऊन लागतेच. त्यात सावळ्या त्वचेचे वांग नुसत्या अतिनील किरणांनी नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होते. पांढरे सनस्क्रीन हा दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी लोहाचे ऑक्साइड मिसळलेले, किंचित मातकट रंगाचे सनस्क्रीन लागते. किनाऱ्यावर दिवसभर उभे राहून पोट भरणाऱ्या बाईला ‘उन्हात जाऊ नका’ असे लिहून देणे म्हणजे उपचार न देणेच. तिच्या कामाची वेळ, सावली, छत्री, पदर यांचा विचार न करता तिला लेझरच्या खुर्चीत बसवणे तर त्याहून वाईट. रंग फुटणार, ती दुसऱ्या दिवशी वाळूवर उभी राहणार आणि डाग परतणार, हे आधीच ठरलेले असते.

लेझरपर्यंत पोचण्याआधीच अनेक चेहरे बिघडलेले असतात, हेही मान्य करायला हवे. दुकानात सहज मिळणाऱ्या ‘गोरे करणाऱ्या’ अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, केस उगवतात आणि मलम सोडले की चेहरा पेटल्यासारखा होतो. अशा त्वचेवर लेझर मारणे म्हणजे भाजलेल्या जागी पुन्हा चटका देणे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती चिठ्ठीशिवाय हातात पडतात. काही क्रीमचा धोका तर त्वचेपुरताही राहत नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडाच्या आजाराचे मूळ त्या वापरत असलेल्या क्रीममधल्या पाऱ्यात असल्याचे मुंबईतल्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासण्यांतून समोर आले होते. डागाचा उपचार करणाऱ्याने पहिला प्रश्न ‘आजवर काय काय लावले?’ हाच विचारला पाहिजे, तो यासाठी.

मग वांगावर करायचे काय? क्रम साधा आहे आणि संयमाचा आहे. आधी तो डाग वांगच आहे ना, हे तज्ज्ञाकडून ठरवावे. कुंकू, केसांचा कलप, अत्तर यांच्या ॲलर्जीनेही चेहरा काळवंडतो आणि तिथे ती वस्तू थांबवणे हाच मुख्य उपाय असतो. त्यानंतर रोजचे ऊन-संरक्षण, बारा महिने, ढगाळ दिवशीही. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक आठवड्यांपुरती लावायची औषधे. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. एवढे करूनही हट्टी डाग उरले, तर निवडक रुग्णांत, अनुभवी हातांनी, सौम्य मात्रेत लेझरचा विचार होऊ शकतो, तोही मलमे आणि ऊन-संरक्षण चालू ठेवून. लेझर या रांगेत शेवटी उभा आहे. जाहिरातीने त्याला पुढे आणून बसवले आहे.

यावर असे म्हटले जाते की, रुग्ण प्रौढ आहे, पैसे तिचे आहेत, निर्णयही तिचा आहे. हे खरे आहे. पण निर्णय माहितीवर उभा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधल्या एका निकालात संमतीचा अर्थ स्पष्ट केला आहे. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके आणि पर्याय पुरेसे सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी. पैसे भरताना पुढे सरकवलेल्या छापील कागदावरची सही ही संमती नव्हे. ‘डाग उलटू शकतो, जास्त काळा होऊ शकतो, पांढरे ठिपके पडू शकतात’ ही तीन वाक्ये मराठीत, तोंडाने आणि लिहून सांगायला पाच मिनिटे लागतात. ती सांगितल्यावर काही गिऱ्हाइके परत जातील. जाऊ द्यावीत.

लेझरच्या खुर्चीत बसण्यापूर्वी प्रत्येकीने काही गोष्टी विचाराव्यात. डागाचे निदान काय आणि ते कागदावर लिहून द्याल का? यंत्र कोण चालवणार, त्यांची पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागी आधी चाचणी करून काही आठवडे थांबणार का? बिघडले तर पुढचा उपचार कोण करणार? सर्व बैठकांचे पैसे आधीच का? या प्रश्नांनी जो डॉक्टर रागावत नाही, त्याच्याकडे जायला हरकत नाही.

सरकारी व्यवस्थेलाही यात आपला वाटा उचलावा लागेल. वांग हा ‘सौंदर्याचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारला जातो. ज्या बाईला लग्नाकार्यात तोंड लपवावेसे वाटते, जिला ‘चेहऱ्याला काय झाले?’ हा प्रश्न दिवसातून चारदा ऐकावा लागतो, तिच्यासाठी तो आजारच आहे. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत तिला तज्ज्ञाचा सल्ला, परवडणारे सनस्क्रीन आणि साधी औषधे नियमित मिळाली, तर ती जाहिरातीच्या दारात जाणार नाही. अन्न व औषध प्रशासनाने औषध दुकानांतली स्टिरॉइड मलमे आणि बिनलेबलची क्रीम तपासत राहावे. बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या आशाताईंनी बाळाच्या लसींबरोबर ‘गालावरच्या डागाला दुकानातले मलम लावू नका’ एवढे सांगितले, तरी पुष्कळ चेहरे वाचतील.

आरे-वारेच्या त्या बाईला आता लेझरची सातवी बैठक नको आहे. तिला मोठी छत्री, मातकट रंगाचे सनस्क्रीन, साधे मलम आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहणारा डॉक्टर हवा आहे. वांग कदाचित पूर्ण जाणार नाही, पण फिके होऊ शकेल. हे तिला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवे होते.