निमवैद्यकीय शिक्षण : पाठांतराची मर्यादा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. दारव्हा तालुक्यातील अशा रुग्णाला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे, तर सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता आहे. औषधाने भिजलेले कपडे उतरवणे, अंग धुणे, रुग्णाला कुशीवर वळवून तोंडातील लाळ काढणे, श्वास चालू आहे की नाही यावर नजर ठेवणे या गोष्टींना मोठा खर्च येत नाही. मात्र त्या आठवत बसायला वेळ नसतो. हाताला त्यांची सवय असावी लागते. ही सवय शिक्षणातून लागते का, हा खरा प्रश्न आहे.

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ती गाडीवर डॉक्टर नेमून. साहजिकच निमवैद्यकीय तंत्रज्ञाच्या शिक्षणाचा विचार मागे पडला. सहायक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणाऱ्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाची दखल घेतली आणि अशा अभ्यासक्रमांसाठी किमान दोन हजार तासांचे शिक्षण आवश्यक ठरवले. तास मोजता येतात. त्या तासांत विद्यार्थी काय करतो, हे मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहते.

बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन या अभ्यासक्रमांकडे वळणारा तालुक्यातील विद्यार्थी सोबत 'अपेक्षित' प्रश्नसंच आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण घेऊन येतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या परीक्षांनी त्याला येथवर आणले, त्यांनी हेच शिकवले. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवते. परंतु आठवड्यानंतर पुढे असतात ते स्वतःची चाचणी घेणारे. वार्षिक परीक्षेला पहिली पद्धत पुरते, रुग्णाला पुरत नाही.

स्वभावाचे काय? पोरोपॅट यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात बुद्धिमत्तेचा भाग वगळल्यावरही शैक्षणिक यशाशी निगडित असा ठळक स्वभावगुण आढळला, तो कर्तव्यदक्षता. म्हणजे नेमस्तपणा, चिकाटी, हाती घेतलेले काम पुरे करण्याची वृत्ती. यावरून काहीजण प्रवेशाच्या वेळीच स्वभावचाचणी घ्यावी असे सुचवतील. ही सूचना घातक ठरेल. धीटपणे बोलणारा शहरी मुलगा तीत तरेल आणि कमी बोलणारी, पण वही रोज पूर्ण करणारी खेड्यातील मुलगी मागे पडेल. शिवाय आदर्श स्वभावाच्या उत्तरांचे क्लास निघायला आपल्याकडे दोन वर्षेही लागणार नाहीत! नेमस्तपणा हा काही अंशी उपजत असला, तरी पुष्कळसा नित्यक्रमातून घडतो, आणि नित्यक्रम ठरवणे संस्थेच्या हाती असते.

म्हणून बदल परीक्षेत हवा. दर आठवड्याला छोटी तोंडी चाचणी घ्यावी. प्रात्यक्षिकात चारपाच जणांनी एका पुतळ्याभोवती उभे राहून एकाने छाती दाबणे, ही पद्धत बंद व्हावी. मिनिटाला १०० ते १२० दाब, तेही पुरेशा खोलीचे, प्रत्येकाने एकट्याने देऊन दाखवावेत. हे कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच ओसरते. पुतळे आणि शिक्षक यांना पैसा लागतो, असा आक्षेप संस्था घेतील, आणि तो खोटा नाही. परंतु पुतळ्यांचा खर्च संस्थेच्या हिशेबात दिसतो. मुलासाठी कापूस विकून भरलेल्या आणि नापासाने वाया गेलेल्या दोन वर्षांच्या शुल्काची नोंद मात्र कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

वार्षिक परीक्षा उन्हाळ्यात होतात, फवारणीची धांदल पावसाळ्यात असते. मधल्या काळात हातात काय उरले, हे पाहण्यासाठी जुलै महिन्यात पूर्वसूचना न देता प्रात्यक्षिकाची फेरतपासणी घ्यावी आणि तिचे गुण अंतिम निकालात धरावेत. यवतमाळसारख्या जिल्ह्यात याची सुरुवात करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.