विश्लेषण : कॉयर स्पर्धेत ‘सुवर्ण’ अनेकांना, मग पहिले कोण? परीक्षक गुण देतात तरी कसे?

‘वर्ल्ड कॉयर गेम्समध्ये सुवर्णपदक’ अशी बातमी फोनवर झळकली, की आपण ती ऑलिम्पिकच्या पदकासारखी वाचतो. म्हणजे जगात पहिले! पण समूहगानाच्या या सर्वात गाजलेल्या स्पर्धेत एकाच विभागात एकाहून अधिक कॉयरना सुवर्ण मिळू शकते. गाणाऱ्यांची वर्षानुवर्षांची तयारी काही मिनिटांच्या गाण्यात आणि परीक्षकांच्या एका आकड्यात मावते. हा आकडा येतो कुठून आणि त्यावर किती विसंबावे?

स्पर्धा कोणती? सुवर्ण अनेकांना कसे?

‘इंटरकल्टूर’ या जर्मन संस्थेने २००० साली ऑस्ट्रियातील लिंझ शहरात ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा तिचे नाव ‘कॉयर ऑलिम्पिक्स’ होते. पुढे ते ‘वर्ल्ड कॉयर गेम्स’ झाले. साधारण दर दोन वर्षांनी शहर बदलते. २०२४ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडला ही स्पर्धा झाली आणि २०२६ चे यजमानपद स्वीडनमधील हेल्सिंगबोर्गकडे गेले. नवख्यांसाठी खुली स्पर्धा आणि अनुभवी कॉयरसाठी ‘चॅम्पियन्स’ अशा दोन पातळ्या आहेत. बालगायक, मिश्र आवाज, धार्मिक संगीत, गॉस्पेल, लोकसंगीत असे बरेच विभाग असतात.

पदक गुणांच्या पट्ट्यावर ठरते. ठरावीक गुणांच्या वर गेलात की सुवर्ण, त्याखाली रौप्य, मग कांस्य. आपल्याकडच्या दहावीच्या ‘विशेष प्रावीण्या’सारखेच म्हणा ना. वर्गातल्या वीस जणांना ते मिळाले तरी कुणाचे कमी होत नाही. त्या विभागात सुवर्ण मिळवणाऱ्यांपैकी ज्याचे गुण सर्वाधिक, तो ‘चॅम्पियन’. बातमीत ‘सुवर्ण’ वाचले तर पुढचा प्रश्न विचारायला हवा : चॅम्पियन होते का, आणि कोणत्या पातळीवर?

याच्या अगदी उलट टोकाला ‘युरोपियन ग्रां प्री’ आहे. इटलीतील अरेझ्झो, हंगेरीतील डेब्रेसेन, स्पेनमधील तोलोसा, बल्गेरियातील वार्ना यांसारख्या नामांकित स्पर्धांचे विजेते तिथे एकमेकांसमोर उभे राहतात आणि विजेता एकच ठरतो. फिलिपीन्सच्या ‘फिलिपीन मॅड्रिगल सिंगर्स’ने हा मान १९९७ आणि २००७ असा दोनदा मिळवला. असे दोनदा जिंकणारा तो पहिलाच कॉयर. पट्ट्याची पद्धत उत्तेजन देण्यासाठी असते, तर क्रमाची पद्धत निवड करण्यासाठी. दोन्हींत काही गैर नाही. गफलत होते ती एकीचा निकाल दुसरीच्या भाषेत सांगितला जातो तेव्हा.

परीक्षक नेमके काय ऐकतात?

ढोबळमानाने चार गोष्टी : स्वरांची अचूकता, आवाजाचा दर्जा, लिखित स्वरलिपीशी प्रामाणिकपणा आणि एकूण कलात्मक परिणाम. शाळेच्या समूहगीत स्पर्धेत सूर, ताल, शब्दोच्चार आणि सादरीकरण असे रकाने असतात, त्याचेच हे मोठे रूप. फरक एवढाच, की इथे परीक्षकासमोर त्या गाण्याची स्वरलिपी उघडी असते. ‘इथे हळू गा’ असे संगीतकाराने लिहिले असेल आणि कॉयरने आवाज चढवला, तर ते लगेच पकडले जाते. मात्र पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलेल्या लोकगीताची मूळ स्वरलिपी कुठली? कुणी तरी केलेली मांडणीच तिथे प्रमाण ठरते.

सूर उतरला, की शुद्ध झाला?

सर्वात ‘मोजता येण्याजोगा’ वाटणारा निकष स्वरांच्या अचूकतेचा. परीक्षकाची खरी कसोटी मात्र तिथेच लागते.

तानपुरा चांगला जुळला की त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार. त्याचे षड्जाशी नाते ५:४ असे साधे, नैसर्गिक असते. पियानोवरचा गंधार याहून किंचित चढा असतो, कारण पियानोत सप्तकाचे बारा समान तुकडे केलेले असतात. मोजायचे तर एका अर्धस्वराचे १०० ‘सेंट’ धरतात. पियानोचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर, तर तानपुऱ्यातला ३८६ वर. चौदा सेंटचा हा फरक सरावलेल्या कानाला चटकन कळतो.

चांगला कॉयर वाद्यांच्या साथीशिवाय गातो, तेव्हा आवाज आपोआप नैसर्गिक गंधाराकडे ओढले जातात, कारण तिथे ते एकमेकांत मिसळतात. इथेच गंमत सुरू होते. पाश्चात्त्य संगीतात अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात आणि ही स्वरसंगती बदलत जाते. समजा सा, ध, रे, प आणि पुन्हा सा अशा स्वरांवर उभ्या असलेल्या संगती एकामागून एक आल्या. प्रत्येक संगती नैसर्गिक अचूकतेने लावली आणि दोन संगतींतला सामाईक स्वर न हलवता धरून ठेवला, तर फेरी पूर्ण करून परत येताना षड्ज होता तिथे राहत नाही. तो ८१ ला ८० या प्रमाणात, म्हणजे सुमारे २१.५ सेंट खाली येतो. अशा पाच फेऱ्या झाल्या की कॉयर अर्ध्या स्वराहून जास्त उतरलेला असतो, आणि वाटेत कुणीही चुकलेले नसते!

सोळाव्या शतकात जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने संगीतकार चिप्रियानो दे रोरे याला पत्रे लिहून हेच दाखवून दिले होते. आपल्या मैफलीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तानपुरा षड्ज हलू देत नाही. कॉयरकडे तानपुरा नसतो. म्हणून संचालक काही गंधार किंचित चढे गाऊन घेतो, थोडी शुद्धता सोडून जागा राखतो.

बहुतेक वेळा सूर उतरण्याची कारणे साधीच असतात, हेही खरे. दम पुरत नाही, वरचा स्वर खालून घेतला जातो, दडपण येते. त्यामुळे गाणे संपल्यावर ट्यूनिंग फोर्कने किंवा फोनवरच्या अॅपने सूर तपासून ‘अर्धा स्वर उतरला, गुण कापा’ म्हणणे सोपे आहे. सगळे आवाज आपापसात जुळलेले राहून एकत्र सरकले, की एकच गट बेसूर होऊन बाकीच्यांना ओढत गेला, हे अॅप सांगत नाही. त्यासाठीच माणूस परीक्षक बसवायचा. दुर्दैवाने गुणपत्रिकेवर दोन्हींचा आकडा सारखाच दिसू शकतो.

सरासरीत कुणाचे मत जड होते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन परीक्षक, दोन कॉयर. पहिल्या कॉयरला ८६, ८७ आणि ७४ गुण. दुसऱ्याला ८४, ८५ आणि ९४. तिघांपैकी दोघांना पहिला कॉयर सरस वाटला. सरासरी मात्र पहिल्याची ८२.३ आणि दुसऱ्याची ८७.७. तिसरा परीक्षक पट्टी लांब वापरतो म्हणून त्याचे एकट्याचे मत दोघांवर भारी पडले. यात लबाडी असेलच असे नाही. काही परीक्षकांचा हात मुळातच सढळ असतो, काहींचा आखडता. सर्वाधिक आणि सर्वात कमी गुण वगळून मधला आकडा घेतला तर ८६ विरुद्ध ८५, म्हणजे पहिला कॉयर जिंकतो. फिगर स्केटिंगमध्ये टोकाचे गुण असेच वगळले जातात. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधील परीक्षणाच्या वादानंतर त्या खेळाची गुणपद्धतीच बदलावी लागली. गाणे तेच, गुण तेच, पण बेरजेची रीत बदलली की विजेता बदलतो. म्हणून ही रीत आधी जाहीर असणे आणि प्रत्येक परीक्षकाचे गुण नंतर उघड होणे, या दोन गोष्टी पदकांच्या संख्येपेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

क्रमांक आणि दिसणे यांचा परिणाम होतो?

कॉयरवर नाही, पण शेजारच्या क्षेत्रात यावर चांगला अभ्यास झाला आहे. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत बारा अंतिम स्पर्धक सहा दिवसांत वाजवतात आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या संशोधकांना १९९६ मध्ये आढळले, की पहिल्या दिवशी वाजवणाऱ्याला वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता कमी, तर पाचव्या दिवशीच्यांना जास्त. याच स्पर्धेवरच्या २००३ च्या दुसऱ्या अभ्यासात गिन्सबर्ग आणि व्हॅन ऊर्स यांनी पुढचा हिशेब मांडला : वरचा क्रमांक मिळालेल्यांची कारकीर्द पुढे अधिक बहरली. म्हणजे चिठ्ठीतला दिवसही आयुष्याला वळण देऊ शकतो.

चिया-जुंग त्साय यांचा २०१३ चा प्रयोग आणखी बोचरा होता. पियानो स्पर्धांतील तीन अंतिम स्पर्धकांपैकी विजेता ओळखायला सांगितला. फक्त आवाज ऐकणाऱ्यांना ते नीट जमले नाही, पण आवाज बंद करून चित्रफीत पाहणाऱ्यांनी जवळपास निम्म्या वेळा बरोबर ओळखले. यात व्यावसायिक संगीतकारही होते. या निष्कर्षाचा अर्थ किती ताणावा यावर पुढे मतभेद झाले. तरी चाळीस जणांचा एकसारखा पोशाख, हालचाल आणि हसरे चेहरे परीक्षकाच्या नजरेआड राहत नाहीत, हे कुणीही मान्य करेल. वाद्यवृंदाच्या निवडचाचणीत उमेदवाराला पडद्याआड बसवतात. कॉयरला बसवत नाहीत, आणि गॉस्पेल किंवा लोकसंगीतात तसे करणे अन्यायाचेच होईल, कारण तिथे अंग हलणे हा गाण्याचाच भाग असतो.

परीक्षक कोण असतात?

बहुतेक करून कॉयरचे संचालक, संगीतकार आणि संगीताचे प्राध्यापक. हे जग लहान आहे. आजचा परीक्षक उद्या कार्यशाळेत त्याच स्पर्धकांना शिकवतो आणि एखाद्याने रचलेले गाणेच स्पर्धक निवडतात. त्याला उपाय उघडपणाचाच. ब्रिटनच्या संगीत महोत्सवांत परीक्षकाने मंचावर येऊन, श्रोत्यांसमोर, कुठे काय चुकले ते सांगायची जुनी रीत आहे. वेल्समधील लँगोलेनच्या महोत्सवात १९५५ साली इटलीच्या मोदेना शहरातून आलेला कॉयर पहिला आला. त्यात वडिलांसोबत विशीच्या आतला लुचियानो पावारोत्ती गात होता. पहिल्या क्रमांकाने पोराचे आयुष्य कसे बदलते, याचा हा प्रसिद्ध दाखला.

भारताचा संबंध काय?

१८४१ मध्ये थॉमस जोन्स हे वेल्सचे मिशनरी चेरापुंजीला पोहोचले आणि खासी टेकड्यांत चर्चच्या समूहगानाची परंपरा रुजली. त्याच मातीतला, नील नाँगकिन्रिह यांनी उभा केलेला ‘शिलाँग चेंबर कॉयर’ जुलै २०१० मध्ये चीनमधील शाओशिंगच्या वर्ल्ड कॉयर गेम्समधून सुवर्ण घेऊन परतला आणि त्याच वर्षी ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ही जिंकला. देशभरात नाव झाले ते त्या वर्षात. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून चार आवाजांत गाण्याचे शिक्षण पिढ्यान्पिढ्या दिले गेले. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांच्या नावाचा ‘परंज्योती अकॅडमी कोरस’ अनेक दशके गात आला आहे.

इथून अशा स्पर्धेला जायचे तर प्रवेश शुल्क, विमानप्रवास, राहणे हा सगळा भार बहुतेकदा गायकांच्याच खिशावर पडतो. परतल्यावर प्रायोजक विचारतात ते पदकाचा रंग. कॉयरच्या पुढच्या सरावाला मात्र उपयोगी पडतो तो परीक्षकाचा रकानावार शेरा : कितव्या मापाला सूर सरकला, कुठल्या आवाजाने घाई केली. स्पर्धा निवडताना शुल्काच्या रकमेआधी, परीक्षकांचा असा शेरा हातात मिळतो का, हे नियमावलीत पाहून घेतलेले बरे.